प्रश्न विचारणाऱ्याची परीक्षा

गेल्या वर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, पालखी देवळात परत आल्यावर, सभामंडपात चार मंडळी विसावली असता आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी आपल्या मुलाची हकीकत सांगितली. मुलगा फोंडा तालुक्यात मराठी शाळेत शिकलेला आणि पुढे अभियांत्रिकीची पदवी चांगल्या गुणांनी मिळविलेला. बंगळूर येथील एका कंपनीत तो नोकरीच्या मुलाखतीस गेला होता. विषयाचे प्रश्न येतील म्हणून महिनाभर त्याने रात्री जागून अभ्यास केला. परंतु समोर बसलेल्या अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की रस्त्यातील गटाराची झाकणे वाटोळी का असतात? प्रश्न इंग्रजीत होता, आणि त्या झाकणास जो इंग्रजी शब्द आहे तो मुलाने पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्याने अर्थ विचारला, तेव्हा अधिकारी हसला. त्यानंतरची दहा मिनिटे मुलाच्या तोंडून धड वाक्य निघाले नाही. ‘आमचा मुलगा मंद असेल असे इतकी वर्षे आम्हांस वाटले नव्हते,’ असे वडील म्हणाले. आणि ते म्हणत असताना मुलगा पलीकडे खाली मान घालून समया पुसत होता.

ती हकीकत ऐकून आम्ही घरी आलो, तरी समया पुसणारा तो मुलगा डोळ्यांपुढून हलेना. कोडी आपणांस नवी नाहीत. आजीच्या मांडीवर डोके ठेवून उखाणे सोडविणे, कोंकणात ज्यास उमाणा म्हणतात त्याचे उत्तर न आल्यास हार मानणे, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या बालपणी घडलेले आहे. त्या वेळी हरल्याचे दुःख कोणास झाले नाही. मग तेच कोडे नोकरीच्या दारात उभे राहिल्याबरोबर एका शिकलेल्या तरुणाचा आत्मविश्वास हिरावून घेते, हे कसे? माणूस कामावर घेण्यापूर्वी त्यास कोडे घालण्याची चाल कोठून आली, ती कोणी वाढविली आणि तिने खरोखर माणूस ओळखता येतो काय, ह्याचा इतिहास थोडक्यात पाहावा असे आम्ही ठरविले. तो पाहता एक गोष्ट प्रत्ययास आली. कोडे ज्या हेतूने घातले जाते त्यावर त्या परीक्षेचे मोल अवलंबून असते. आणि जेथे तो हेतू बिघडला, तेथे ती परीक्षा उमेदवाराची न राहता परीक्षकाचीच होऊन बसली.

ह्या संदर्भात आपल्या वाचकांस पहिली आठवण होईल ती महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांची. तळ्याचे पाणी पिण्यापूर्वी प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत ही अट न मानल्यामुळे नकुल, सहदेव, अर्जुन व भीम हे चौघेही निष्प्राण होऊन पडले, आणि शेवटी आलेल्या युधिष्ठिराने एकामागून एक सर्व प्रश्नांची उत्तरे दिली. प्रवचनांतून हा भाग ऐकताना प्रश्नोत्तरांची चमक तेवढी आपल्या लक्षात राहते. परंतु कथा तेथे संपत नाही. प्रसन्न झालेल्या यक्षाने एकाच भावास उठविण्याची मुभा दिली, तेव्हा युधिष्ठिराने भीमाचे बळ किंवा अर्जुनाचे धनुष्य मागितले नाही. कुंतीचा एक पुत्र आपण जिवंत आहोत, तर माद्रीचाही एक पुत्र जिवंत असावा, ह्या विचाराने त्याने नकुलाचे नाव घेतले. ह्या निवडीनंतरच चौघेही भाऊ उठले आणि यक्षाने आपण धर्म असल्याचे सांगितले. उत्तरांवरून युधिष्ठिराचे ज्ञान कळले. त्याचे अंतःकरण कळले ते त्या निवडीवरून. परीक्षक स्वतः धर्म होता, म्हणून त्याने दोन्ही पाहिल्यावाचून निकाल दिला नाही.

राजसेवेत घेण्यासाठी कोडी घातल्याची विस्तृत कथा पाहावयाची झाल्यास ती पाली वाङ्मयात आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी ह्यांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. जातककथांमध्ये महौषध नावाच्या मुलाची एक दीर्घ कथा आहे. मिथिलेच्या राजास हा बुद्धिमान बालक दरबारी हवा होता. परंतु आणण्यापूर्वी त्याची परीक्षा व्हावी असे ठरले, आणि ह्या परीक्षेत एकोणीस प्रश्न आले. खैराचा एक सारखा तासलेला दांडा त्याच्या गावी पाठविण्यात आला आणि ह्याचा बुंधा कोणता व शेंडा कोणता ते सांगा, अशी आज्ञा झाली. महौषधाने दांड्याच्या मध्यभागी दोरा बांधून तो पाण्यावर धरला; जे टोक आधी बुडाले ते जड, म्हणून तोच बुंधा. दुसऱ्या एका वेळी राजाने झोपाळ्यासाठी वाळूचा दोर मागविला. तेव्हा महौषधाने उलट निरोप धाडला, की जुन्या दोराचा एक तुकडा नमुन्यास पाठवावा, म्हणजे त्याच जाडीचा दोर वळता येईल.

ही उत्तरे चातुर्याची आहेतच. पण कथाकाराने दरबारातही डोकावून पाहिले आहे. प्रत्येक उत्तर आल्यावर राजा विचारी, आता मुलास बोलवावे काय? आणि दरबारातील सेनक नावाचा ज्येष्ठ पंडित दर वेळी म्हणे, इतक्याने कोणी पंडित ठरत नाही, आणखी थोडे थांबावे. नवा मनुष्य आल्यास आपले तेज कमी होईल, ही त्याची खरी भीती. एकोणीस प्रश्न झाले ते महौषधाची बुद्धी कळण्यास एकोणीस प्रश्न लागले म्हणून नव्हे. सेनकाचा मत्सर शमेना म्हणून. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कथाकारास परीक्षकाच्या मनातील ही गाठ दिसली होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

कथा सोडून इतिहासाकडे वळले, तर सातव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ह्युएन त्संग ह्या चिनी प्रवाशाने नालंदा विद्यापीठाच्या द्वाराचे वर्णन केले आहे. परदेशांतून वा परप्रांतांतून वादविवादासाठी येणाऱ्यास द्वारावरील पंडित कठीण प्रश्न विचारी, आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत फिरत. ही परीक्षा फार कडक खरी. तथापि तीत दोन गुण होते. प्रश्न विचारणारा स्वतः त्या शास्त्रात पारंगत असे, आणि जे शास्त्र आत जाऊन बोलावयाचे त्याच शास्त्राचे प्रश्न दारात येत. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास कोणी वाळूचा दोर मागितला नाही.

गणिती कोड्यांचा विचार भास्कराचार्यांवाचून पुरा होणार नाही. त्यांचा जन्म शके १०३६ चा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्याच्या ‘लीलावती’ ह्या भागातील उदाहरणे भुंगे, हंस, मोर, कमळे ह्यांच्या रूपाने येतात. त्यांतील एक असे: बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीस टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? प्रथमदर्शनी हे गूढ वाटते. परंतु उभा राहिलेला भाग, जमिनीवरील अंतर आणि तिरपा पडलेला भाग मिळून काटकोन त्रिकोण होतो हे दिसले, की रीत समोर येते. सोळाचा वर्ग दोनशे छप्पन, त्यास बत्तिसाने भागून आठ. हा दोन तुकड्यांतील फरक. बत्तिसातून आठ वजा करून अर्धे केले म्हणजे बारा. वेळू बारा हातांवर मोडला. आचार्यांनी आधी रीत सांगितली आणि मग उदाहरण घातले. शिष्यास पेचात पकडावे हा त्यांचा हेतू नव्हता. रीत अंगी मुरावी म्हणून कोड्याची गोडी लावली होती.

ह्याच घराण्याविषयी आणखी एक पुरावा महाराष्ट्राच्या भूमीवरच आहे. चाळीसगावाजवळील पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख असून त्यात भास्कराचार्यांच्या वंशाचा वृत्तान्त दिला आहे. आचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर हा सर्व शास्त्रांत निपुण आहे हे जाणून यादव राजा जैत्रपाळाने त्यास पाटणातून आपल्याकडे नेले आणि पंडितांचा प्रमुख केले, असे त्यात म्हटले आहे. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाच्या पदरी ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापिला. कोड्यांचे भांडार ज्या घरी होते, त्या घरातील विद्वानाची नेमणूक त्याच्या शास्त्रातील अधिकारावरून झाली, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

नोकरीच्या परीक्षेस आजचे रूप आले ते पाश्चात्य देशांत, गेल्या दीड-दोन शतकांत. हिंदुस्थानातील सनदी नोकरीसाठी १८५५ साली लंडन येथे खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली. वशिल्याच्या जागी विषयांची परीक्षा आली, हा तिचा मोठा लाभ. कारखान्यांत मात्र मालकाच्या लहरीस वाव होता, आणि तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील थॉमस एडिसन ह्याचे.

१९२१ साली एडिसन ७४ वर्षांचा होता. वरच्या जागांसाठी येणाऱ्या पदवीधरांपुढे तो सुमारे दीडशे प्रश्नांचा कागद ठेवी. फ्रान्सच्या सीमेस कोणते देश लागून आहेत, व्होल्गा नदी कोठे आहे, लॉगॅरिथम कोणी शोधले, अशा जातीचे ते प्रश्न होते. बहुतेक उमेदवार नापास होत, आणि एडिसन कॉलेजांच्या नावाने बोटे मोडी. त्या वर्षी मे महिन्यात परत पाठविलेल्या उमेदवारांनी आठवून सांगितलेले प्रश्न न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आले आणि देशभर तो एक खेळच झाला. त्याच सुमारास आल्बर्ट आइन्स्टाइन अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. बोस्टन येथे त्यास ध्वनीचा वेग किती असे विचारण्यात आले. तेव्हा जी माहिती पुस्तकात सहज मिळते ती आपण डोक्यात बाळगीत नाही, असे त्याने सांगितले. एडिसनचे म्हणणे असे, की ज्याच्यावर निर्णय सोपवावयाचा त्याची स्मरणशक्ती पक्की हवी. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. परंतु प्रश्न फुटल्यावर त्यास ते बदलावे लागले. जी परीक्षा प्रश्न फुटताच निकामी होते ती कशाची परीक्षा, हा विचार तेव्हाच व्हावयास हवा होता.

त्यानंतर स्मरणाऐवजी तल्लखपणा मोजण्याकडे ओढा वळला. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ सालचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळाले त्यांपैकी विल्यम शॉक्ली ह्याने त्याच वर्षी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथे प्रयोगशाळा थाटली. उमेदवारांस तो न्यूयॉर्कच्या एका संस्थेकडे मानसिक चाचण्यांसाठी पाठवी, आणि स्वतःही हातात घड्याळ घेऊन कोडी घाली. १९५७ साली जेम्स गिबन्स हा तरुण त्याच्यासमोर बसला. टेनिसच्या सामन्यांत १२७ खेळाडू आहेत, हरलेला बाद होतो, तर विजेता ठरेपर्यंत किती सामने खेळले जातील, हा प्रश्न होता. सामान्य माणूस पहिल्या फेरीत ६३, मग ३२, मग १६, अशी बेरीज करू लागेल. गिबन्सने तात्काळ १२६ असे उत्तर दिले. प्रत्येक सामन्यात एकच खेळाडू बाद होतो, आणि विजेत्याखेरीज १२६ जण बाद व्हावयाचे आहेत. म्हणून सामनेही तितकेच. शॉक्ली स्वतः ते कोडे असेच सोडवी, म्हणून तो चकित झाला. गिबन्सची निवड झाली.

इतक्या पारखीने जमविलेल्या त्या प्रयोगशाळेचे पुढे काय झाले? शॉक्लीची निवड चुकली असे कोणी म्हणणार नाही, कारण त्याने आणलेले तरुण खरोखर असामान्य होते. परंतु शॉक्ली कोणावर विश्वास टाकीना. एका क्षुल्लक अपघातानंतर हाताखालच्या माणसांचे खरेखोटे यंत्राने तपासावे असा हट्ट त्याने धरला. १९५७ च्या सप्टेंबरात आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर हा उद्योग उभारला. त्यांपैकी रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर ह्या दोघांनी १९६८ साली इंटेल स्थापिली. ती माणसे जगाच्या कामास आली. शॉक्लीच्या कामास आली नाहीत. उमेदवाराच्या बुद्धीची मोजदाद घड्याळ लावून करणाऱ्या ह्या मनुष्याने, आपल्या हाताखाली राहणे एखाद्यास कितपत सोसेल, हा प्रश्न स्वतःस कधी विचारला नसावा.

१९७५ साली स्थापन झालेल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने पुढे ही चाल जगभर नेली. गटाराचे झाकण वाटोळे का आणि जपानातील फुजी पर्वत कसा हलवाल, हे प्रश्न तिच्या नावाशी निगडित झाले. विल्यम पाउंडस्टोन ह्याने २००३ साली लिहिलेल्या पुस्तकास ह्या पर्वताच्या प्रश्नाचेच नाव आहे. कंपन्यांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. संगणकाचे ज्ञान दर दोन-चार वर्षांनी जुने होते. तेव्हा आज काय येते ह्यापेक्षा अपरिचित गोष्ट समोर आल्यावर माणूस कसा विचार करतो, हे पाहणे त्यांस अगत्याचे वाटले. २००४ साली तर गूगल कंपनीने कॅलिफोर्नियाच्या हमरस्त्यावर एक फलक लावला. गणितात ‘ई’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्येच्या अंकांत सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या कोणती, एवढाच प्रश्न त्यावर होता. कंपनीचे नावही नव्हते. उत्तर काढणाऱ्यास पुढील कोडे मिळे आणि शेवटी नोकरीसाठी अर्ज करण्याचे आमंत्रण.

परंतु एडिसनला जी अडचण आली तीच येथेही आली. कोडी फुटली. आपल्या देशात शकुंतलादेवी ह्यांचे कोड्यांचे पुस्तक १९७६ साली निघाले होते ते करमणुकीसाठी. पुढे नोकरीच्या परीक्षांची तयारी म्हणून मुले अशी पुस्तके पाठ करू लागली. ज्यास उत्तर पाठ असे तो विचार केल्यासारखे दाखवून थोड्या वेळाने ते सांगे. आणि ज्यास ते कोडे नवे होते तो खरोखर विचार करीत असता मागे पडे. शिवाय टेनिसचे सामने, पियानो, शहरी गटारे ह्या वस्तू ज्याच्या लहानपणी होत्या त्यास प्रश्न कळावयास वेळ लागत नसे. खेड्यातील आणि मातृभाषेत शिकलेल्या मुलास आधी वस्तू समजून घ्यावी लागे आणि मग कोडे. हे अंतर बुद्धीचे नव्हते. परंतु गुणपत्रिकेवर ते बुद्धीच्याच नावाने लिहिले जाई.

शेवटी हिशेब घेण्याची पाळी आली. गूगलच्या नोकरभरतीचे प्रमुख लास्लो बॉक ह्यांनी जून २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स ह्या पत्रास सांगितले, की अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय असून त्यांवरून पुढील कामाचा काहीही अंदाज येत नाही; विचारणाऱ्यास आपण हुशार आहोत असे वाटावे, एवढेच त्यांनी साधते. मिथिलेच्या दरबारातील सेनक पंडिताची वाचकांस येथे आठवण होईल. शास्त्रज्ञांचे अध्ययनही ह्याच दिशेने जाते. फ्रँक श्मिट व जॉन हंटर ह्यांनी १९९८ साली पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा मेळ घातला, तेव्हा प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे ही पारखण्याची रीत सर्वांत वर ठरली. २०२२ साली पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हिशेब पुन्हा तपासला आणि आधी नीट आखलेली मुलाखत अग्रस्थानी आली; आखलेली म्हणजे कामाशी संबंध असलेले तेच प्रश्न सर्वांस विचारणे आणि ठरलेल्या कसोटीने गुण देणे. नालंदेच्या द्वारपंडितास ह्यात काही नवल वाटले नसते.

तथापि सर्वत्र ही चाल बंद झालेली नाही, आणि आपल्या मुलांस अशा प्रश्नांशी गाठ पडण्याचा संभव आहे. म्हणून ती सोडविण्याच्या रीतीविषयी दोन शब्द सांगणे उचित होईल. त्या रीती गुप्त नाहीत आणि वर दिलेल्या दाखल्यांतच त्या आलेल्या आहेत.

पहिली रीत, प्रश्न समजून घेण्याची. वाळूचा दोर मागणाऱ्यास महौषधाने नमुना मागितला. न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारणे ही उत्तराचीच पहिली पायरी आहे. तीत लाज कसली? दुसरी, चित्र काढण्याची. वेळू कागदावर काढला म्हणजे त्रिकोण आपोआप दिसतो. तिसरी, उलट्या बाजूने पाहण्याची. जिंकणारे मोजीत बसण्यापेक्षा हरणारे मोजले म्हणजे १२७ खेळाडूंचा प्रश्न एका वाक्यात सुटतो. आणि हे सुचत नसेल तर आधी चारच खेळाडू घेऊन पाहावे, तीन सामने होतात हे दिसताच वाट सापडते. चौथी, वस्तूच्या उपयोगापासून आरंभ करण्याची. झाकण कशासाठी? भोक झाकण्यासाठी, आणि ते आत पडू नये म्हणून. चौकोनी झाकण उभे करून कर्णाच्या बाजूने सोडले तर आत जाते. वर्तुळाची रुंदी सर्व बाजूंनी सारखी, म्हणून तेवढे काठावर टेकलेले असले तरी ते आत जात नाही. शिवाय जड झाकण गडगडत नेता येते. आमच्या गावी चौकोनी झाकणेही आहेत, असे सांगण्यासही हरकत नाही. ते खरेच आहे.

पाचवी रीत अंदाजाची. एन्रिको फर्मी हा थोर भौतिकशास्त्रज्ञ शिकागो येथे विद्यार्थ्यांस विचारी, की ह्या शहरात पियानो जुळविणारे कारागीर किती असतील? खरा आकडा कोणासच ठाऊक नसे. वस्ती किती, किती घरांमागे एक पियानो, तो वर्षातून कितीदा जुळवावा लागतो, एक माणूस दिवसात किती पियानो जुळवील, अशा लहान लहान अंदाजांतून मोठ्या अंदाजाकडे जावयाचे, हा त्यातील धडा. हे वाचून कोणास परके वाटेल. पण समाराधनेच्या आदल्या दिवशी देवळाचा आचारी दुसरे काय करतो? मागील वर्षी किती पाने उठली, यंदा जत्रा रविवारी आल्याने किती वाढतील, पाऊस झाल्यास किती घटतील, हे तो मनात धरतो. पाने दोन हजार आणि पानामागे शंभर ते सव्वाशे ग्रॅम तांदूळ धरल्यास दोनशे ते अडीचशे किलो तांदूळ लागेल; त्या मानाने डाळ, नारळ आणि लाकूडफाटा तो सांगतो. त्याचा अंदाज चुकल्यास पंगत अर्ध्यावर उठेल, म्हणून तो चुकू देत नाही.

उत्तराइतकेच विचार बोलून दाखविण्यासही महत्त्व आहे. गप्प बसलेल्या उमेदवाराच्या डोक्यात काय चालले आहे हे परीक्षकास दिसत नाही. धरलेली वाट, ती सोडण्याचे कारण आणि नवी वाट हे सर्व त्यास ऐकू आले पाहिजे. आणि इतके करूनही कोडे सुटले नाही, तर ते एक कोडे सुटले नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

आणखी एक बाब राहिली, आणि ती आम्हां वडीलधाऱ्या मंडळींविषयी आहे. मुलाखत देण्याची पाळी मुलांवर येते, तशी घेण्याची पाळी आपल्यावरही येते. देवस्थान समितीस कारकून हवा असतो, शाळेस शिक्षक, पतपेढीस हिशेबनीस, दुकानास विक्रेता. अशा वेळी चार सभासद एका बाजूस बसतात, उमेदवार एकटा दुसऱ्या बाजूस, आणि कोणीतरी आपली विद्वत्ता दाखविण्याची संधी साधतो. हा दोष आमच्यातही आहे हे आम्ही कबूल करतो. असा एखादा गमतीचा प्रश्न विचारून उमेदवार गोंधळल्यावर आम्हीही हसलो आहोत. त्याऐवजी कारकुनास एका दिवसाच्या पावत्या देऊन जमाखर्च लिहावयास सांगावे, शिक्षकास एक धडा शिकवावयास लावावे, सर्वांस तेच प्रश्न विचारावेत आणि आपापसांत बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले गुण कागदावर मांडावेत. ह्यास खर्च नाही आणि कोणाची मानहानीही नाही. यक्षाने ज्ञान पाहिले आणि त्यानंतर नकुलाची निवडही पाहिली. आपण निदान उमेदवाराचे काम तरी पाहावे.

हा लेख लिहिताना त्या मुलाची आम्ही पुन्हा गाठ घेतली. बोलता बोलता असे निघाले, की समाराधनेच्या दिवशी तांदळाचा आणि नारळांचा हिशेब आचाऱ्याशेजारी बसून तीन वर्षे तोच मांडीत आहे. मागील तीन वर्षांची पाने त्याने वहीत लिहून ठेवली असून यंदाचा अंदाज पंचवीस-तीस पानांच्या आतबाहेर उतरला होता. ‘हेही कोडेच नव्हे काय?’ असे आम्ही विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पण ह्यात कोणी हसत नाही.’ पुढील महिन्यात पुणे येथे त्याची दुसरी मुलाखत आहे. तेथे काय विचारतील ते आम्हांस ठाऊक नाही. जाताना ती समाराधनेची वही बरोबर ने, आणि शब्द न कळल्यास निःशंकपणे अर्थ विचार, एवढे आम्ही त्यास सांगितले आहे.